मांजर राहू द्या, आधी दारातल्या पिल्लाचं बघा

सांगलीच्या विश्रामबागेतून एका ताईंनी विचारलं आहे. सूनबाईंना तिसरा महिना लागलाय. घरात पर्शियन मांजर आहे, गॅलरीत कॉकटेल पक्ष्यांची जोडी आहे आणि चार वर्षांच्या नातवासाठी आणलेलं, कानाजवळ लाल पट्टा असलेलं छोटं कासव आहे. शेजारणी सांगतात, मांजर आधी घराबाहेर काढा, पोटातल्या बाळाला धोका असतो. नातवाच्या हातावर गोल लाल चट्टा उठलाय, मेडिकलमधून ट्यूब आणून लावताहेत. मुलाला इग्वाना हा परदेशी सरडा पाळायचाय. तासगावकडच्या मळ्यात राखणीला कुत्रा आहे. आणि अगदी शेवटी ही ओळ: "दारात रस्त्यावरचं दोन महिन्यांचं पिल्लू येतं, नातू त्याला बिस्किट घालतो. दात शिवशिवतात म्हणून ते त्याची बोटं चावतं, परवा थोडं रक्तही आलं, पण लहानच आहे, त्याचं काही नाही."

ताई, मी पशुवैद्यक आहे. नोकरीची बरीच वर्षं आटपाडी-जतच्या बाजूला जनावरांच्या दवाखान्यांत गेली, आता मिरजेत कुत्र्या-मांजरांचं बघतो. तुम्ही मांजरीबद्दल सविस्तर विचारलंत आणि पिल्लाचा विषय एका ओळीत संपवलात. मी मात्र त्या ओळीवरच थांबलो. नातवाला रेबीजच्या लशीसाठी आजच सिव्हिलला न्या. खालचं मांजरीचं संध्याकाळी वाचलंत तरी चालेल.

रक्त आलं म्हणजे ती तिसऱ्या, म्हणजे सर्वांत धोक्याच्या वर्गातली जखम. नुसतं ओरखडलं, रक्त नाही, तर दुसरा वर्ग, त्याला लस पुरते. तिसऱ्या वर्गात लशीबरोबर सीरम लागतं, ते जखमेत आणि जखमेभोवती भरतात. लस अंगात प्रतिकारशक्ती तयार करायला थोडे दिवस घेते, तोवरचा राखणदार म्हणजे हे सीरम. लस दंडात किंवा लहान मुलांना मांडीत देतात. पोटात चौदा इंजेक्शनं हा प्रकार कधीच बंद झाला, त्या भीतीपोटी कुणी थांबू नये. कातडीत देण्याच्या पद्धतीत पहिला दिवस शून्य धरून ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी डोस असतात, स्नायूत देताना त्यात १४ वा दिवस वाढतो. सरकारी दवाखान्यात लस मोफत मिळते. जखम साबण लावून वाहत्या नळाखाली १५ मिनिटं धुवायची असते. घड्याळ लावून धुवा, १५ मिनिटं वाटतात त्याहून खूप लांब असतात. परवा धुतली नसेल तर आज धुवा. हळद, चुना, मिरची काही भरू नका.

"परवा चावलं, आता काय उपयोग" असं कुणी म्हणेल. उपयोग आहे. रेबीजचा विषाणू जखमेतून मज्जातंतूंच्या वाटेनं मेंदूकडे हळूहळू सरकतो. बहुतेक वेळा एक ते तीन महिने लागतात, कधी कमी, कधी वर्षही. तो मेंदूत पोचेपर्यंतच आपल्या हातात वेळ असतो. लक्षणं दिसू लागली की माणूस वाचत नाही, अपवाद जगभरात बोटांवर मोजण्याइतके.

लहान पिल्लाला रेबीज होत नाही, हा समज मी आयुष्यभर ऐकत आलोय. जतकडे एका वस्तीवर मी आजारी कालवडीला बघायला गेलो होतो. काम झाल्यावर घरातल्या म्हाताऱ्या आजीनं सहज विचारलं, "डॉक्टर, पोराला बघता का जरा? पाणी पीत नाही दोन दिवस झाले." सात-आठ वर्षांचा मुलगा खाटेवर बसलेला. पाण्याचा तांब्या जवळ नेला तसा गळा आवळल्यासारखा झाला. मी विचारत गेलो. दीड महिन्यापूर्वी ओढ्याकाठी सापडलेलं पिल्लू त्यानं घरी आणलं होतं. पिल्लानं त्याच्या करंगळीला दात लावले. तीन-चार दिवसांत पिल्लू मेलं, पोरांनी बाभळीखाली पुरलं. करंगळीला चुना लावला होता, जखम भरूनही आली होती. पिल्लू का मेलं, हे कुणाच्या मनात आलं नाही. आम्ही गाडी काढून त्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. चौथ्या दिवशी तो गेला. त्या घरात सगळे शहाणे, कष्टाळू लोक होते. एवढी एकच गोष्ट त्यांना कुणी सांगितली नव्हती.

आता मांजर.

शेजारणींचं म्हणणं अगदी हवेतलं नाही. टोक्सोप्लाझ्मा नावाचा एक परजीवी आहे, त्याची वाढ मांजराच्या आतड्यात पुरी होते आणि त्याची अंडी मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडतात. गरोदरपणात एखाद्या बाईला तो पहिल्यांदाच झाला, तर बाळापर्यंत पोचू शकतो. गर्भपात होऊ शकतो, बाळाच्या मेंदूला आणि डोळ्यांना इजा होऊ शकते. इथपर्यंत खरं. पुढचं कुणी सांगत नाही. मांजराला हा परजीवी लागतो तो उंदीर मारून खाल्ला किंवा कच्चं मटण खाल्लं तर. लागला तरी ते साधारण एक ते तीन आठवडेच अंडी टाकतं, पुढे सहसा नाही. आणि ताज्या विष्ठेतलं अंडं रोग देऊ शकत नाही. त्याला बाहेर पडल्यावर पिकायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून मांजर शी करतं तो लिटरचा ट्रे रोजच्या रोज साफ झाला की ही वाट जवळपास बंद होते. सूनबाईंनी ट्रेला हात लावायचा नाही, ते काम घरातल्या दुसऱ्या कुणीतरी रोज करायचं, ट्रे गरम पाण्यानं धुवायचा. मांजर घरातच ठेवा, कोरडा खुराक किंवा शिजवलेलं द्या. तीन गोष्टी सांभाळल्या की तुमची घरबंद पर्शियन बाजारातल्या न धुतलेल्या मेथीच्या जुडीपेक्षा कमी धोक्याची.

मेथी मी उगाच म्हणालो नाही. माणसांना हा रोग बहुतेक वेळा मातीतून, न धुतलेल्या भाजीतून आणि अर्धवट शिजलेल्या मटणातून होतो. ही अंडी ओलसर मातीत वर्षभरही टिकतात. सूनबाईंना कुंड्यांत हात घालायची हौस असेल तर हातमोजे घालू द्या. मटण शिट्ट्या पुऱ्या करून शिजवा. त्यांच्या डॉक्टरांना विचारून रक्ताची तपासणी करून घेता येते. पूर्वीच कधी हा परजीवी येऊन गेला असेल आणि शरीरात त्याविरुद्धची ताकद असेल, तर बाळाला सहसा धोका राहत नाही. मांजर अंगाला घासलं, मांडीवर झोपलं, केस कपड्याला लागले म्हणून टोक्सो होत नाही. मांजर रस्त्यावर सोडण्यानं बाळाचं काही भलं होणार नाही, मांजराचे हाल मात्र नक्की होतील. पर्शियन मांजर बाहेर जगत नाही.

या मांजरीपासून तुमच्या घरात एक रोग बहुतेक आलेलाच आहे, आणि तो नातवाच्या हातावर आहे. न बघता खात्रीनं सांगणार नाही, पण पर्शियन मांजर आणि गोल लाल चट्टा ही जोडी मी इतक्यांदा पाहिलीय की आधी गजकर्णाचाच विचार करा. ही बुरशी आहे. लांब केसांच्या मांजरांत ती केसांत दबा धरून बसते, मांजराला एक टक्कलही पडलेलं नसतं आणि घरातल्या पोराला चट्टे येतात. मेडिकलमधली ट्यूब आज बंद करा. तसल्या ट्यूबांत अनेकदा बुरशीच्या औषधाबरोबर तीव्र स्टेरॉईड मिसळलेलं असतं. दोन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते, घरातले खूश होतात आणि आत बुरशी पसरत राहते. महिन्याभरानं तोच चट्टा तिप्पट होतो आणि मग साध्या औषधाला दाद देत नाही. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, त्याच आठवड्यात मांजरीला माझ्याकडे किंवा जवळच्या पशुवैद्यकांकडे आणा. दोघांवर एकदम उपचार झाले नाहीत तर रोग पोराकडून मांजरीकडे आणि मांजरीकडून पोराकडे खेळत राहील. गाद्या, सोफा, मांजरीचा कंगवा हेही साफ करावं लागतं, कारण गळलेल्या केसांवर बुरशी महिनोन्‌महिने जिवंत असते.

मांजरीचं अजून एक. तिनं ओरखडलं आणि दोन-तीन आठवड्यांनी काखेत किंवा मानेत गाठ सुजली, बारीक ताप आला, तर डॉक्टरांना मांजरीच्या ओरखड्याचं सांगा. तो पिसवांमार्फत मांजरांत फिरणारा जंतू असू शकतो. पिसवा मारा, नखं कापा, तिला रेबीजची लस द्या.

कासव मला मांजरीपेक्षा जास्त खटकतंय. तुमच्या शेजारणींपैकी कुणालाच ते खटकलं नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात साल्मोनेला हा जंतू मुक्कामाला असतो. त्यांना काही होत नाही, दिसायला तुकतुकीत असतात, पण विष्ठेतून जंतू पाण्यात उतरतो आणि पाण्यातून कवचावर. चार वर्षांचं पोर त्याला हातात घेतं, मुका घेतं, मग तेच हात तोंडात. मोठ्या माणसाला दोन दिवस जुलाब होऊन भागतं. पाच वर्षांखालच्या मुलाला आणि गरोदर बाईला ते रक्तात उतरेपर्यंत जाऊ शकतं. अमेरिकेत १९७५ साली चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आली ती याच कारणानं, लहान मुलं ती तोंडात घालायची. तुमचं कासव मूळचं त्याच देशातलं. आपल्याकडे ते मत्स्यालयाच्या दुकानात नाण्याएवढं मिळतं आणि पुढे ताटलीएवढं होतं, हे विकताना कुणी सांगत नाही.

त्याची टाकी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका. ते पाणी थेट संडासात ओता, धुणाऱ्यानं हात साबणानं धुवावेत, पोरानं हात लावला तर त्यानंही. खरं मत विचाराल तर नातू मोठा होईपर्यंत हे कासव घरात नको. पण कृष्णेत सोडू नका. आयर्विन पुलावरून "मोकळं केलं" म्हणून कासव सोडणारे लोक मी पाहिलेत, मनानं चांगलेच असतात. हे परदेशी कासव दणकट असतं, आपल्या नदीतल्या कासवांचं अन्न आणि उन्हाला बसायच्या जागा बळकावतं. वनविभागाला किंवा प्राणी सांभाळणाऱ्या संस्थेला विचारा. आणि पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं कासव कुणी "लक्ष्मी येते" म्हणून देऊ केलं तर घेऊ नका. ते आपलं रानातलं संरक्षित कासव आहे, घरात ठेवणं गुन्हा आहे. आपला हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणंही तसंच.

इग्वानाला हेच सगळं लागू. शिवाय त्याला ऊन, उब, आर्द्रता, खुराक हे सगळं जमवणं बहुतेकांना झेपत नाही आणि ते एक-दोन वर्षांत हाडं वाकून मरतात. वन्यजीव कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर अशा अनेक परदेशी प्राण्यांची नोंदणी सक्तीची झाली आहे, इग्वाना त्यात येतो. विकणारा कागद देत नसेल तर विषय तिथंच संपवा. परदेशी प्राण्यांबाबत मी एवढा कडक का, तर २००३ चं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. घानाहून अमेरिकेत पाळीव म्हणून मोठे उंदीर आणले. विक्रेत्याकडे ते प्रेअरी डॉग नावाच्या खारीसारख्या प्राण्यांशेजारी ठेवले. तिथून मंकीपॉक्स त्या प्राण्यांत आणि त्यांच्याकडून घराघरांत गेला, सहा राज्यांत मिळून ४७ माणसं आजारी पडली. कुणी जंगलात गेलं नव्हतं. दुकानातून आवडीचं जनावर आणलं होतं. माकडाबद्दल तर विचारही करू नका. त्याच्या चाव्यातून रेबीज तर येतोच, पण त्याच्या अंगात एक नागीण-जातीचा विषाणू असतो जो माणसाच्या मेंदूला सूज आणतो. महाबळेश्वरला माकडाच्या हातात चणे देणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं.

कॉकटेलची जोडी ठेवा, पण पिंजरा झोपण्याच्या खोलीत आणि स्वयंपाकघरात नको. पोपटाच्या जातीच्या पक्ष्यांतून सिटॅकोसिस होतो. वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासातून जाते. १९२९-३० मध्ये दक्षिण अमेरिकेतून गेलेल्या पोपटांमुळे अनेक देशांत याची साथ आली होती. कडक ताप, डोकं फुटेल असं दुखणं, कोरडा खोकला, मग न्यूमोनिया. पिंजरा कोरडा झाडायचा नाही. आधी पाणी शिंपडायचं, कागद ओला करून गुंडाळायचा, तोंडाला मास्क लावायचा. पक्षी पिसं फुगवून बसला, हिरवट पातळ घाण करू लागला, डोळे चिकटले तर वाट बघू नका. सूनबाईंनी पिंजऱ्याचं काम करू नये. त्यांना ताप-खोकला आलाच तर "घरात पक्षी आहेत" हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा, कारण या रोगावरचं नेहमीचं औषध गरोदरपणात शक्यतो टाळतात, डॉक्टरांना दुसरं निवडावं लागतं.

हे "पहिल्या वाक्यात सांगा" मी स्वतःच्या अंगावर शिकलो. आटपाडीकडे असताना गाभडलेल्या गाईची अडकलेली वार मी मोज्यांशिवाय काढली होती, त्या रात्री मोजे संपले होते. काही आठवड्यांनी संध्याकाळी ताप यायला लागला, रात्री घामानं अंथरूण भिजायचं, कंबर धरायची. टायफॉइड म्हणून औषधं झाली, क्षयाची शंका झाली. दोन महिने गेले. मी काय काम करतो हे डॉक्टरांनी विचारलं नाही आणि ते सांगायचं मलाही सुचलं नाही. शेवटी ब्रुसेला या जनावरांकडून येणाऱ्या जंतूची तपासणी केली, तोच निघाला. सहा आठवडे दोन औषधं घेतली तेव्हा बरा झालो. जनावरांकडून येणारा ताप बाहेरून इतर कुठल्याही तापासारखाच दिसतो. तो ओळखायची किल्ली आपल्या सांगण्यात असते. मळ्यात गाय-शेळी असेल तर सूनबाईंना विण्याच्या, वार काढण्याच्या कामापासून पूर्ण लांब ठेवा आणि धारोष्ण दूध कुणालाच नको.

मळ्यातल्या कुत्र्याबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण आपल्या भागात मला त्याबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. जत्रेला मेंढा कापला की कलेजी-फुप्फुसाचे टाकाऊ तुकडे कुत्र्याला टाकतात. त्या तुकड्यांत कधी पाणी भरलेल्या फोडासारख्या गाठी दिसतात, पांढऱ्या, द्राक्षाएवढ्या ते लिंबाएवढ्या. त्या कुत्र्यानं खाल्ल्या की त्याच्या आतड्यात जेमतेम दाण्याएवढे पट्टकृमी होतात. कुत्रा टुणटुणीत राहतो. त्याच्या विष्ठेतून अंडी कोथिंबिरीच्या वाफ्यात, त्याच्या केसांवर, तिथून आपल्या तोंडात. माणसाच्या यकृतात, फुप्फुसात तशीच पाण्याची गाठ वाढते, इतकी सावकाश की दहा-पंधरा वर्षं कळत नाही. फुटली तर जिवावर बेतते, शस्त्रक्रिया फार जपून करावी लागते. मेंढ्यांच्या मागं आयुष्य काढलेल्या धनगर बांधवांत मी अशी दुखणी पाहिली आहेत. उपाय साधा आहे. कच्चे अवयव कुत्र्याला द्यायचे नाहीत, उकडून द्या किंवा खोल पुरा. मळ्यातल्या कुत्र्याला पशुवैद्यकांकडून वजनाप्रमाणे पट्टकृमीचं औषध ठरावीक काळानं द्या, आणि लस तर दरवर्षी.

लस म्हणजे रेबीजबरोबर लेप्टोचीही. उंदरांच्या, कुत्र्यांच्या, गुरांच्या लघवीतून हा जंतू साचलेल्या पाण्यात येतो आणि पायाच्या भेगेतून माणसात शिरतो. २०१९ च्या पुरात आपण सगळेच त्या पाण्यातून चाललो. पूर ओसरल्यावर ताप, पोटऱ्या ठणकणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

आता पुन्हा त्या पिल्लाकडे येतो. नातू दवाखान्यातून आला की घरातले मोठे म्हणतील, त्या पिल्लाला हाकला. हाकलू नका. पुढचे दहा दिवस ते डोळ्यांसमोर असणं गरजेचं आहे. चावल्यापासून दहा दिवस ते ठणठणीत राहिलं, तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असं धरता येतं, आणि पुढचे डोस कसे द्यायचे ते डॉक्टर ठरवतील. तुम्ही मनानं थांबवू नका. कंपाउंडच्या आत, पोरांपासून लांब, खाणं-पाणी देऊन ठेवा, हात न लावता. त्याचा आवाज बदलला, जबडा लोंबायला लागला, कोपऱ्यात लपून बसलं, माती-लाकूड चावायला लागलं, मागचे पाय लटपटले तर लगेच कळवा. तोंडाला फेस येण्याची वाट बघू नका, कित्येकदा तो येतच नाही. मेलं तर पुरू नका, आधी पशुवैद्यकांना फोन करा. आणि या दहा दिवसांत ते कुठं दिसेनासं झालं, गाडीखाली आलं, कुणी उचलून नेलं, तर ते आजारी होतं असं समजून नातवाचे सगळे डोस पूर्ण करा. सूनबाईंना किंवा घरात अजून कुणाला त्याचा दात-नख लागलं असेल तर त्यांनाही घेऊन जा. गरोदरपणात ही लस आणि सीरम दोन्ही देता येतात.

दहा दिवस नीट गेले की त्याला जंताचं औषध द्यायला आणि तीन महिन्यांचं झालं की लस टोचायला माझ्याकडे आणा.